विमानतळ तिथे बस का नाही? त्रिची ते कुंभकोणम, रात्रीचा प्रवास आणि जात

कुंभकोणमला विमानतळ नाही. तिथे जाणारा माणूस तिरुचिरापल्लीला, म्हणजे त्रिचीला उतरतो. त्रिचीहून तंजावर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि तंजावरहून कुंभकोणम आणखी चाळीस. दिवसा हा प्रवास अगदी सोपा आहे. रेल्वे आहे, एकामागून एक बस आहेत, रस्ता चांगला आहे. प्रश्न रात्रीचा आहे. आखाती देश, सिंगापूर, मलेशिया इथली विमानं अनेकदा रात्री-अपरात्रीच येतात. बारा-एक वाजता सामान घेऊन बाहेर पडलेल्या माणसासमोर तेव्हा तीनच पर्याय उरतात: घरच्यांनी ठरवून पाठवलेली गाडी, तिथेच मिळणारी टॅक्सी, किंवा मोबाईलवरच्या अ‍ॅपची गाडी. त्रिचीच्या मुख्य बसस्थानकावरून रात्रीही तंजावरकडे गाड्या सुटतात, पण विमानतळ ते बसस्थानक हे मधलं काही किलोमीटरचं अंतर पुन्हा रिक्षावाल्याच्या मर्जीवर.

ही तर कुणाचीही अडचण आहे, यात जात कुठे आली, असं कुणी म्हणेल. जात नेमकी इथेच येते. विमानात तिकीट असेल त्याला सीट मिळते. रेल्वेत आरक्षण असेल त्याला बर्थ मिळतो. तिथे तुमचं नाव, गाव, वस्ती विचारून कुणी जागा नाकारत नाही. मोठा प्रवास नियमाने चालतो. शेवटचा छोटा टप्पा मात्र एका माणसाच्या होकारावर चालतो, आणि या देशात माणसाचा होकार जातीपासून सहसा मोकळा नसतो.

हे आपल्याला कुणी नव्याने सांगायची गरज नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यातले तीन प्रसंग आठवा. तिन्ही 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत आहेत आणि तिन्ही उतरल्यानंतरच्या प्रवासाचे आहेत.

पहिला १९०१ सालचा. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. त्यांना भेटायला लहान भीमराव भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरले. रेल्वेने त्यांना काही विचारलं नव्हतं. तिकीट काढलं, बसले, पोचले. मुलं महार आहेत हे कळलं आणि स्टेशनमास्तरचा सूर बदलला. दुप्पट भाडं देऊ केलं तरी गाडीवाले तयार होईनात. शेवटी तोडगा निघाला तो असा की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. म्हणजे पैसे घ्यायला विटाळ नाही, बाजूला बसायला विटाळ. पुढे रात्र झाली, भूक लागली, जवळ खायला होतं, पण पाणी कुणी दिलं नाही.

दुसरा बडोद्याचा, १९१७ सालचा. परदेशात शिकून आलेले, संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेले बाबासाहेब स्टेशनावर उतरले. जायचं कुठे? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे माहीत होतं. पारशी सराईत पारशी नाव सांगून ते राहिले. काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथून बाहेर काढलं. त्या दिवशी त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट बघत बागेत वेळ काढला.

तिसरा चाळीसगावचा, १९२९ सालचा. तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र थांबण्याचा आग्रह केला. स्टेशनपासून वस्ती जवळच होती, पण महाराला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. मग वस्तीतल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं आणि बाबासाहेब खाली दगडांवर पडले, पाय मोडला.

आपल्याकडे अजूनही कुणी म्हणतं की पैसा आला, शिक्षण आलं की जात मागे पडते. चाळीसगाव हे त्याला उत्तर आहे. हातात पैसा होता, पदवी होती, सरकारी पद होतं. नव्हता फक्त एका टांगेवाल्याचा होकार.

आता कुंभकोणमकडे वळू. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात हा मुलूख होता, म्हणून मराठी वाचकाला तंजावरची ओळख असते. व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, सरस्वती महाल ग्रंथालय, तंजावरी मराठी. ती ओळख सहसा राजवाड्याच्या आणि देवळाच्या भिंतीपाशी थांबते. त्याच कावेरीच्या खोऱ्यात, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री किळवेणमणी गावात ४४ दलित शेतमजुरांना झोपडीत जाळून मारलं गेलं. बहुतेक बायका आणि मुलं होती. कारण मजुरीवाढीची मागणी. महाडला मनुस्मृती जाळली गेली तीही २५ डिसेंबरलाच, १९२७ साली. या खोऱ्यातला माणूस गाव सोडून सिंगापूरला, आखातात का गेला, हे समजून घ्यायचं तर तांदळाच्या कोठाराच्या वर्णनाआधी किळवेणमणी वाचावं लागतं. गाव सोडता येणं हीच तिथल्या मजुरासाठी मोठी गोष्ट होती. आणि सोडलेल्या गावी परत येताना तो त्रिचीला उतरतो, पुष्कळदा मध्यरात्री.

तामिळ मुलखात रस्त्याचा आणि गाडीचा हक्क लढूनच मिळाला आहे. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव १९२३ साली मंजूर झाला आणि त्याच्याच आधारावर महाडचा सत्याग्रह उभा राहिला, हे आपल्याला पाठ आहे. पुढच्याच वर्षी, १९२४ मध्ये, मद्रास कायदेमंडळात रेट्टमलै श्रीनिवासन यांनी सार्वजनिक रस्ते आणि विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. हेच रेट्टमलै श्रीनिवासन पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी बसले.

रस्ता कागदावर खुला झाला, पण रस्त्यावरची बस खासगी मालकाची होती. अनेक बसमालक अस्पृश्यांना बसमध्ये घेत नसत. त्यावर उपाय केला तो स्वाभिमान चळवळीतले पेरियार यांचे सहकारी डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन यांनी. ते रामनाद जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. त्यांनी बसमालकांना बजावलं: आदि-द्रविडांना बसमध्ये घेतलं नाही तर परवाना जाईल. त्यांनी मालकांचं मन बदलण्याची वाट पाहिली नाही, परवाना हातात धरला. आजही उपाय हाच आहे, म्हणून हे लक्षात ठेवू.

याच सौंदरपांडियन यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची पहिली प्रांतिक परिषद झाली आणि तिथे नावामागची जातवाचक बिरुदं टाकून देण्याचं आवाहन झालं. आज तामिळनाडूत बहुतेक लोक आडनाव लावत नाहीत, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, त्यामागे या चळवळीचा मोठा वाटा आहे.

पुढचं पाऊल म्हणजे बस सरकारी होणं. द्रमुकच्या काळात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, खासगी मार्ग सरकारकडे घेतले गेले आणि ठिकठिकाणी वाहतूक महामंडळं झाली. त्यातलं एक, चोळन महामंडळ, १९७२ मध्ये सुरू झालं. त्याचं मुख्यालय कुंभकोणमला. आजही तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळाच्या कुंभकोणम विभागाचा कारभार तिथूनच चालतो आणि त्रिचीच्या बसही त्याच्याच अखत्यारीत येतात. म्हणजे त्रिची विमानतळावर उतरलेल्या माणसाला कुंभकोणमला नेण्याची जबाबदारी ज्या सरकारी संस्थेवर टाकता येईल, तिचं घर कुंभकोणमच आहे.

सरकारी बस आली म्हणून जात उतरून गेली, असं मात्र समजू नये. १९९७ साली करुणानिधींच्या सरकारने विरुदुनगर भागासाठी नवं महामंडळ काढलं आणि त्याला वीरन सुंदरलिंगम यांचं नाव दिलं. इंग्रजांविरुद्ध कट्टबोम्मनच्या बाजूने लढलेले हे सेनानी देवेंद्रकुल समाजाचे, म्हणजे अनुसूचित जातीचे. दलिताचं नाव लिहिलेल्या बसमध्ये आम्ही बसणार नाही, असं म्हणत प्रबळ जातींचे लोक रस्त्यावर उतरले. बसवर हल्ले झाले, दंगली झाल्या, माणसं मेली. शेवटी जुलै १९९७ मध्ये सरकारने माघार घेतली. ती कशी? दलित वीराचं एकच नाव काढलं तर उघडं पडलं असतं, म्हणून राज्यातल्या सगळ्या महामंडळांची आणि जिल्ह्यांची थोरांची नावं एकदम काढून टाकली. कुंभकोणमच्या बसवरचं 'चोळन'ही त्यातच गेलं. आज त्या बसवर नुसतं राज्याचं आणि शहराचं नाव दिसतं. ती तटस्थता नाही, हरलेल्या भांडणाची खूण आहे. नामांतरासाठी मराठवाड्यात सोळा वर्षं झगडलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच सुमारास, ३० जून १९९७ ला, मदुराई जिल्ह्यातल्या मेलवळवू गावचे दलित सरपंच मुरुगेसन आणि त्यांचे सहकारी मदुराईला कलेक्टर कचेरीत जाऊन बसने घरी परतत होते. सरपंचपद अनुसूचित जातीसाठी राखीव झालं हे प्रबळ जातीला मान्य नव्हतं. गावाजवळ बस अडवली आणि दिवसाढवळ्या त्यांना कापून काढलं. शहरात तुम्ही नागरिक असता, कचेरीत अर्जदार असता, आणि घराकडचे शेवटचे काही किलोमीटर पुन्हा गाव सुरू होतं.

आता आजची रात्र. बैलगाडी आणि टांगा गेला, अ‍ॅप आलं. अ‍ॅपने जात संपवली असं शहरी लोक आवडीने सांगतात. एका मर्यादेत ते खरं आहे. भाडं आधी ठरतं, चालकाला प्रवासी निवडता येऊ नये अशी रचना असते. पण अ‍ॅप चालकाला दोन गोष्टी सांगतं: नाव आणि ठिकाण.

महाराष्ट्रात नावातच काम होतं. कांबळे, गायकवाड, सोनवणे, वाघमारे वाचून अंदाज बांधणारे कमी नाहीत. तामिळनाडूत कांबळे या नावाचा कुणाला काही अर्थ लागणार नाही. नागपूरचा बौद्ध माणूस मध्यरात्री त्रिचीला उतरला तर त्या चालकासाठी तो फक्त उत्तरेकडचा कुणी हिंदीवाला असतो. जात ही स्थानिक भाषेत वाचली जाते. पण त्याच चालकासमोर त्याच खोऱ्यातला दलित माणूस उभा राहिला की प्रश्न नावाचा राहत नाही. कोणतं गाव? गावात कुठे? कोणती गल्ली? आडनाव टाकून दिलेल्या समाजाने जात विचारायला पत्ता शोधून काढला. तिथे गावाला 'ऊर' म्हणतात आणि दलित वस्तीला 'चेरी'. आपल्या गावकुसाच्या आत आणि बाहेर, तेच.

म्हणूनच पत्त्यातली नावं बदलण्याचं काम दोन्हीकडे चालू आहे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तामिळनाडूत २०२५ मध्ये दलित वस्त्यांना चिकटलेला 'कॉलनी' हा शब्द सरकारी नोंदींतून काढायचं जाहीर झालं. चांगलं आहे. पण पाटी बदलली तरी नकाशावरचा ठिपका तिथेच राहतो. 'आत गाडी वळणार नाही, मेन रोडवर सोडतो,' हे वाक्य ऐकायला जातीचं काही नसलेलं आहे. ते कुणाला जास्त वेळा ऐकावं लागतं, हा खरा प्रश्न आहे. बाईमाणूस असेल, रात्रीचे तीन वाजले असतील, हातात सामान असेल, तर मेन रोड ते घर हे अंतर किती लांब होतं ते तिलाच माहीत.

इथे चालकाची बाजूही बोललीच पाहिजे. रात्रपाळीचे बरेच चालक स्वतः गरीब आणि बहुजन आहेत. गाडीचं कर्ज, अ‍ॅपचं कमिशन, परतीचं भाडं न मिळण्याची भीती, हे सगळं खरं आहे. शंभर किलोमीटरवरून रिकामी गाडी परत आणायची म्हणजे तोटा, हेही खरं आहे. रिक्षा चालवणारा माणूस शहराच्या कारभारात कमी पडत नाही, हे तर कुंभकोणमनेच दाखवलं. नव्या महापालिकेचे पहिले महापौर २०२२ साली के. सरवणन झाले, ते रिक्षाचालक होते. म्हणून भांडण चालकाच्या जमातीशी नाही. ज्या व्यवस्थेने प्रवाशाचा हक्क एका चालकाच्या सोयीवर आणि पूर्वग्रहावर सोडून दिला, तिच्याशी आहे. मसूरचा गाडीवानही काही जमीनदार नव्हता.

कायदा आहे की, असं उत्तर येईल. आहे. संविधानाचं कलम १७ आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये सार्वजनिक वाहन नाकारणं हा गुन्हा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार परवानाधारक चालकाने भाडं नाकारलं तर दंड आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने दलित-आदिवासींना सायकल किंवा मोटारसायकलवर बसण्यापासून अडवणं हा गुन्हा म्हणून नोंदवावा लागला. एकविसाव्या शतकात संसदेला हे लिहावं लागतं यावरून वाहन आणि जात यांचं नातं कळावं. पण नकार मिळाला हे दाखवायचं काम प्रत्यक्षात प्रवाशालाच करावं लागतं. मध्यरात्री फेरी रद्द झाली, पडद्यावर 'चालक उपलब्ध नाही' आलं, तर सिद्ध काय करणार? केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत योग्य कारणाशिवाय फेरी रद्द करणाऱ्याला भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड सुचवला आहे. कोणत्या वस्त्यांसाठी फेऱ्या जास्त रद्द होतात याची नोंद जाहीर करा, असा आग्रह मात्र कुठे दिसत नाही. आकडा कंपनीकडे असतो आणि अनुभव आपल्याकडे.

आणखी एक माणूस या चर्चेत येतच नाही. विमानतळाची फरशी पुसणारा, स्वच्छतागृह धुणारा, सामान उचलणारा. ही कामं बहुतेक कंत्राटावर असतात आणि ती कुणाच्या वाट्याला येतात ते आपल्याला ठाऊक आहे. प्रवासी एकदा येतो आणि जातो. हा माणूस रोज येतो, आणि पाळी संपते तेव्हा रात्रीच शहरात परततो. त्याच्या पगारात टॅक्सी बसत नाही. विमानतळ बांधताना गाड्या लावायची जागा किती हे आधी ठरतं, बसथांबा कुठे हे शेवटी. त्रिचीच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झालं, भिंतींवर देवळांची, गोपुरांची चित्रं आली. एखाद्या प्रदेशाची संस्कृती दाखवायची तर त्याच्या बसचं वेळापत्रकही दाखवावं.

तामिळनाडूने २०२१ मध्ये साध्या शहरी बसमध्ये बायकांना मोफत प्रवास दिला. मजुरी करणाऱ्या बायकांच्या हातात त्यामुळे रोजचे पैसे उरले. पण ही सवलत लांब पल्ल्याच्या गाडीला नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दोन्ही निर्णय चांगले आहेत, आणि दोन्ही बस आली तरच उपयोगाचे आहेत. रात्री अकरानंतर बसच नसेल तर मोफतही नाही आणि अर्धंही नाही.

एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली आणि पुढे 'गाव तिथे एसटी' हे तिचं ब्रीद झालं. त्या लाल गाडीत दलित माणूस पाटलाच्या शेजारच्या सीटवर बसला, ही लहान गोष्ट नव्हती. गावात जे झालं नाही ते गाडीत झालं, कारण सीट तिकिटाची होती. आज नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, कुठल्याही विमानतळावर रात्री उतरा आणि आपल्या तालुक्याला जाणारी एसटी शोधा. कुंभकोणमचा प्रश्न आपल्या दारातही उभा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. विमानतळ तिथे बस. रात्रीच्या विमानांच्या वेळा पाहून सुटणारी, टर्मिनलच्या दारातून निघणारी, मुख्य बसस्थानकाला आणि तिथून जिल्ह्याच्या गावांना जोडणारी सरकारी बस. सामान ठेवायला जागा असलेली, तिकीट खिडकी आत असलेली. तिची वेळ विमानतळाच्या फलकावर विमानाच्या वेळेइतकीच मोठी दिसली पाहिजे. पाळी संपलेल्या कामगाराला त्याच बसमध्ये पास. आणि अ‍ॅप कंपन्यांना परवाना देताना अट: कोणत्या भागातल्या किती फेऱ्या नाकारल्या, याचा हिशेब दर तीन महिन्यांनी जाहीर करायचा. सौंदरपांडियन यांनी जिल्हा बोर्डाच्या खुर्चीतून जे केलं, ते आजच्या परिवहन खात्याला का जमू नये?

कुंभकोणमला दर बारा वर्षांनी महामहम भरतो. पुढचा २०२८ मध्ये आहे. १९९२ च्या महामहमला महनीय व्यक्तींच्या स्नानाच्या वेळी चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास माणसं मेली होती. २०२८ साठी तलावाच्या पायऱ्या दुरुस्त होतील, मोठ्यांच्या गाड्यांना रस्ते मोकळे होतील, खास बस सोडल्या जातील. दहा दिवसांच्या यात्रेसाठी रात्रभर बस चालवता येतात, मग परदेशातून राबून आलेल्या मजुरासाठी आणि फरशी पुसून घरी निघालेल्या बाईसाठी वर्षभर का नाहीत? पैसे नाहीत हे कारण तेव्हा आड येत नाही.

सार्वजनिक बस ही गरिबांची सोय आहे असं म्हणून अर्थखातं ती तोट्याच्या रकान्यात टाकतं. आपण तिला दुसऱ्या रकान्यात लिहायला हवं. जिथे बस येते तिथे कुणाला विचारावं लागत नाही, 'नेतोस का?' पैसे द्यायचे, तिकीट घ्यायचं, बसायचं. बाबासाहेबांना मसूरला, बडोद्याला आणि चाळीसगावला हेच मिळालं नव्हतं.